सुटं देत नाही

गेली होती ती दोघं एक स्टूल घ्यायला.

स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीपर्यंत तिचा हात पोचत नसे. नवऱ्याचा पोचे, पण नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि बरणी काढायची वेळ आली की तो हात नेमका दुकानात असे. म्हणून एका रविवारी सकाळी दोघं जुन्या सामानाच्या बाजारात गेली. नवं स्टूल कोपऱ्यावरही मिळालं असतं, पण नवऱ्याला जुन्या लाकडाचं वेड. हल्लीचं फर्निचर म्हणजे भुसा थापून वर कागद चिकटवलेला, असं तो म्हणे, आणि कुणाच्याही घरी गेला की हळूच टेबलाखाली वाकून बघे.

ती एका कचेरीत घरांचे नकाशे काढायची. भिंत अर्ध्या बोटाने चुकली तरी तिला चैन पडत नसे. कचेरीत तिला मागून 'फूटपट्टी' म्हणत. ते तिला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं.

दुकानदाराला सगळा बाजार मामा म्हणे. दुकान म्हणजे एक लांबलचक गोदाम, वर पत्रा, आत पॉलिशचा आणि दमट गोणपाटाचा वास. स्टूल काही मिळालं नाही. पण गोदामाच्या मध्यावर नवरा थबकला, आणि त्याचा चेहरा बघूनच ती समजली की आता स्टुलाचं नाव निघणार नाही.

खुर्ची होती. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची. चारी पाय खाली निमुळते होत गेलेले आणि किंचित बाहेर फाकलेले, त्यामुळे ती चवड्यांवर उभी असल्यासारखी वाटत होती. पाठ वेताने विणलेली. हात रुंद, पुढे जरासे वर उचललेले, आणि टोकांशी इतके गुळगुळीत की ते काम रंध्याचं नाही, तळव्यांचं आहे हे दिसत होतं. कुठे नक्षी नाही, कुठे पितळ नाही. लाकूड मधाच्या रंगाचं.

"बसून तर बघ," नवरा म्हणाला.

ती बसली. पाठीला जिथे आधार हवा असतो आणि कुठलीच खुर्ची देत नाही, बरोबर तिथे तो मिळाला. दिवसभर वाकून काम करणाऱ्या तिच्या खांद्यांतून काहीतरी सुटत गेल्यासारखं झालं. उठायला तिला जरा वेळच लागला.

"ती सुटी देत नाही," मामा मागून म्हणाले. "सेट आहे. दोन खुर्च्या, सोफा, टीपॉय आणि एक कपाट. एका घरचं सामान आहे, एकत्रच जाईल."

"बाकीचं कुठे आहे?"

मामांनी दाखवलं. दुसरी खुर्ची फाटकापाशी, अगदी दुसऱ्या टोकाला. सोफा वरच्या माळ्यावर. टीपॉय मामांच्या टेबलामागे, त्यावर रद्दी. आणि कपाट बाहेर अंगणात, ताडपत्रीखाली, भिंतीकडे तोंड करून. माणसाहून उंच, रुंद, सरकत्या दारांचं सुंदर कपाट होतं ते.

"एका घरचं सामान, मग असं विखरून का ठेवलंय?" तिने विचारलं.

"जागा कुठे आहे, वहिनी."

तिने गोदामाकडे बघितलं. जागा मापणं हा तिचा धंदाच होता. पहिल्या खुर्चीच्या शेजारी तीन सोफे मावतील एवढी मोकळी फरशी पडली होती. तिने मनात एक खूण करून ठेवली.

त्याच दुपारी सामान घरी आलं. टेम्पो चांगला मोठा होता, तरी मामांनी पाच खेपा केल्या. एका खेपेला एकच वस्तू. शेवटच्या खेपेला मामा खाली रस्त्यावरच उभे राहिले आणि वर बघून म्हणाले, "एकदा नेलंत की नेलंत. परत घेणार नाही." दुकानदार असं म्हणतातच. पण मामांचा आवाज दुकानदारासारखा नव्हता, जिवावरची जोखीम उतरलेल्या माणसासारखा होता.

पहिले दिवस फार छान गेले, ते नाकारून चालणार नाही. तिने आलेखाच्या कागदावर हॉलचा नकाशा काढला आणि त्याप्रमाणे मांडणी केली. सोफा लांब भिंतीला, खुर्च्या खिडकीशी, टीपॉय मध्ये, कपाट स्वयंपाकघराच्या बाजूला. सामान सगळं पायांवर उचललेलं, खालून फरशी दिसायची, त्यामुळे हॉल मोठा झाल्यासारखा वाटे. दुपारचं ऊन लाकडावर पडलं की सगळं घर गरम चहासारखं दिसे. मैत्रिणी आल्या त्या वाहवा करत बसल्या, आणि बसल्या त्या उठायचं नाव काढेनात. एकीला तर शाळेतून मुलगा आणायचा होता. "पाच मिनिटं," म्हणत ती पाऊण तास बसली, आणि मग चेहरा गोरामोरा करून धावत गेली. त्यावर सगळ्या नंतर कितीतरी दिवस हसत होत्या.

मग ताई आल्या.

ताई म्हणजे तिची नणंद, नवऱ्याची मोठी बहीण. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि डावा हात मोडला. कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टर. दीड महिना भावाकडे राहायचं ठरलं. त्यांना हॉललगतची छोटी खोली दिली. त्या खोलीचं दार हॉलमध्येच होतं, आणि ते आतल्या बाजूला उघडायचं.

ताई वाईट नव्हत्या. पण दोन माणसांच्या घरात तिसरं माणूस म्हणजे चपलेतला खडा. रेडिओ मोठ्याने. भाजीत मीठ कमी. "आमच्या एक्स्चेंजमध्ये" ने सुरू होणाऱ्या गोष्टी, ज्या नवऱ्याने लहानपणापासून ऐकलेल्या आणि तिने लग्नापासून. रोज सकाळी कचेरीला निघण्याआधी तिला ताईंचे केस विंचरून वेणी घालून द्यावी लागे, कारण एका हाताने ते होण्यासारखं नव्हतं. ती ते करायची. मनातल्या मनात मात्र प्लास्टरचे दिवस मोजायची.

ताई येऊन चार दिवस झाले होते. ती कचेरीतून परतली आणि दारातच थांबली. खिडकीजवळची एक खुर्ची दोन बोटं फिरली होती.

"ताई, खुर्ची हलवलीत का?"

"मी? नाही गं. मी तर आतच होते."

दुसऱ्या दिवशी दुसरी खुर्ची. तिसऱ्या दिवशी सोफ्याचं एक टोक भिंतीपासून सुटलेलं. तिने पेन्सिल आणली आणि प्रत्येक पायाभोवती फरशीवर बारीक रेघ मारली. फूटपट्टी ती, संशय आला की मोजल्याशिवाय राहणार नाही. संध्याकाळी प्रत्येक पाय आपल्या रेघेबाहेर. दोन बोटं, तीन बोटं. रोज. आणि रोज त्याच दिशेला.

घरात दिवसभर एकटं कोण असतं? उत्तर सरळ होतं. एका हाताने खुर्ची ढकलायला कितीसं बळ लागतं?

"मला खोटं बोलायची सवय नाही," ताई एकदा म्हणाल्या. तिने विचारलंही नव्हतं. ती नुसती खाली वाकून रेघा बघत होती. "पण मला ऐकू येतं. तीस वर्षं कानांवर पोट भरलंय मी. दुपारी बाहेर कुणीतरी बसलेलं असतं. वेत वाजतो... माणूस टेकला की वाजतो तसा. मी बघायला आले की कुणी नसतं."

"वारा असेल."

"वाऱ्याला वजन नसतं, बाई."

तिला राग आला. एवढं मोठं झाल्यावर असले खेळ. लक्ष वेधून घ्यायचं असेल. एकटं राहून राहून माणसं अशी होतात. हे सगळं तिने रात्रीच्या जेवणानंतर नवऱ्याला सांगितलं, तर तो भलतंच बोलला.

"मला वाटतं, तूच हलवतेस."

"मी?"

"झाडताना, पुसताना. आणि मग मोजत बसतेस. तुला ताई नकोय घरात, ते सरळ सांग ना. खुर्च्यांना कशाला मध्ये घेतेस?"

त्यातलं अर्धं खरं होतं, हे तिला कळत होतं. मग तिला दुसराच संशय आला. नवरा हल्ली दुकानातून लवकर येत होता. आला की आधी त्या खुर्चीत बसे. एकदा ताईंनी आतून पाणी मागितलं, दोनदा मागितलं, आणि तो तिथेच बसून राहिला, चेहऱ्यावर कसलीशी मंद, तृप्त छटा. "ऐकू नाही आलं का?" तिने विचारलं तर म्हणाला, "आलं की. देतो ना... थोड्या वेळाने." शेवटी पाणी तिनेच नेऊन दिलं.

ताई येऊन तीन आठवडे झाले होते. एका सकाळी तिने आलेखाचा कागद काढला आणि पेन्सिलीच्या सगळ्या नोंदी त्यावर मांडल्या. प्रत्येक वस्तूचा एक बाण. इतके दिवस तिने सुट्या सुट्या खुर्च्या बघितल्या होत्या. नकाशा आत्ता बघितला. सोफा भिंत सोडून हॉलच्या मध्याकडे वळत होता. खुर्च्यांनी खिडकीकडे पाठ केली होती. टीपॉय वाटेतून बाजूला झाला होता. तिघांची तोंडं एकाच ठिकाणी वळत चालली होती... ताईंच्या खोलीच्या दाराकडे.

मग तिने कपाटाकडे पाहिलं. त्याच्या पायांभोवती तिने रेघा मारल्याच नव्हत्या. चार माणसांनी उचलून आणलेलं कपाट हलवणार कोण? ते आपल्या भिंतीपासून वीतभर पुढे आलं होतं. त्याच दाराच्या दिशेने.

तिचा तोल गेला. ताई नुकत्या उठून खाटेवर बसल्या होत्या, केस मोकळे.

"ताई, कपाटसुद्धा तुम्हीच ढकललंत का?"

ताईंनी प्लास्टरचा हात मांडीवर ठेवला आणि तिच्याकडे बघत राहिल्या. "या हाताने?" त्या म्हणाल्या. "मला घालवायचं असेल तर तसं सांग. मी जाते. पण वेडी ठरवून घालवू नकोस."

ती वेणी न घालताच निघून गेली. जिना उतरताना तिला स्वतःची लाज वाटली, पण परत वर जाण्याइतकी नाही. नवऱ्याच्या दुकानाची त्या दिवशी आठवड्याची सुट्टी होती. तो घरी आहे, बघेल, असं तिने मनाला समजावलं.

कचेरीत काम होईना. बाराच्या सुमारास आलेखाचा कागद घेऊन ती बाजारात गेली. मामा टेबलाशी बसले होते. तिने कागद पुढे केला.

मामांनी चष्मा लावला. बाणांवरून बोट फिरवलं. मग बोट एका जागी थांबलं.

"इथे दार आहे," ते म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

"तुम्हाला कसं माहीत?"

मामांनी कागदाची नीट घडी घातली आणि तिच्याकडे परत दिली. "ते घर रिकामं करायला मी स्वतः गेलो होतो. दोघे भाऊ आणि त्यातल्या थोरल्याची बायको, एवढी माणसं राहायची. म्हातारी होऊन एकामागून एक गेली. कुणा लांबच्या नातलगाने मला बोलावलं. आत गेलो तर हॉल असा मांडलेला. कपाट एका दाराला चिकटवलेलं, आणि सोफा नि दोन्ही खुर्च्या त्या दाराकडे तोंड करून. नाटक बघायला बसावं तशा."

"दाराच्या आत?"

"कपाट सरकवलं. दार आत उघडलं. छोटी खोली, खिडकी नाही. एक खाट, वर चादर." मामांनी चष्मा काढला. "बाहेर हॉलमध्ये बोटभर धूळ होती, वहिनी. आत कणभर नव्हती. आणि त्या दाराला कडी नव्हती. ना आतून, ना बाहेरून. लागतच नसावी. शेजारची एक बाई म्हणाली, त्या भावांना एक बहीण होती. कधीपासून दिसेनाशी झाली ते तिलाही आठवत नव्हतं."

"हे विकताना सांगायला हवं होतं तुम्ही."

"सांगितलं असतं तर नेलं असतंत?"

"नाही."

"म्हणूनच," मामा खाली बघत म्हणाले. "वेगवेगळं ठेवलं की गप्प असायचं. इथे जोवर एकत्र होतं तोवर... माझा गडी दोन दुपारी त्या खुर्चीत बसून राहिला, हाक मारली तरी उठेना. तुमच्या घरी हे केव्हापासून सुरू झालं?"

"तीन आठवडे होतील."

"तीन आठवड्यांपूर्वी घरात कोण आलं?"

ती रस्त्यावर येऊन नवऱ्याला फोन करत होती. रिंग वाजत राहिली. ताईंना केला. रिंग वाजत राहिली. रिक्षात बसून तिने दोघांना आळीपाळीने किती वेळा फोन केले ते तिला नंतर आठवेना.

तीन जिने ती धावत चढली. दार किल्लीने उघडलं. हॉलमध्ये लख्ख ऊन होतं आणि सगळं शांत होतं. दोन्ही फोन टीपॉयवर शेजारी शेजारी पडले होते. नवरा खुर्चीत बसला होता, हात खुर्चीच्या हातांवर, मान मागे टेकलेली, डोळे उघडे. त्याच्या समोर, ताईंच्या दाराच्या जागी, कपाट होतं. बरोबर चौकटीला चौकट लावून.

आणि कपाटामागून आवाज येत होता. टक. टक. टक. मोठा नाही. बोटाच्या पेराने लाकडावर वाजवावं तसा, अदबीने.

"ताई कुठे आहे?"

"आत आहे," नवरा म्हणाला.

"ठोकतंय कोण मग?"

"थांबेल आता," तो शांतपणे म्हणाला. "थोड्या वेळात थांबतं."

तिला धाप लागली होती. कपाट ढकलायचं तर पायातल्या सपाता काढायला हव्यात, फरशीवर घसरतील, असं तिच्या मनात आलं. त्यासाठी ती सोफ्याच्या कडेवर टेकली. फक्त टेकली.

सोफ्याने तिला आत घेतलं. सकाळपासूनचं भांडण, ती घाई, ते जिने, सगळं पाठीतून खाली उतरून गेलं. एक सपात तिने काढली, दुसरीचा पट्टा तसाच राहिला. टक. टक. ऐकू येत होतं, पण त्यात कुणाचं काही अडलंय असं वाटत नव्हतं. उठायचंच आहे, ती म्हणाली. या मिनिटाला उठते. शेजारच्या रिकाम्या खुर्चीचा वेत हलकेच वाजला, कुणीतरी अंग सैल सोडावं तसा. तिने मान वळवून बघितलं नाही. बघायची गरज वाटली नाही. तिघं बसलो आहोत, एवढंच तिच्या मनात आलं, आणि ते अगदी बरोबर वाटलं.

उन्हाचा पट्टा खिडकीतून टीपॉयवर आला, टीपॉयवरून खाली उतरला, भिंतीला लागला.

"थांबेल आता," कुणीतरी म्हणालं. आवाज तिचाच होता.

आणि थांबला.

ठोकणं बंद झालं. हॉल एकदम रिकामा, हलका झाला. त्या शांततेत तिच्या छातीतून एक निःश्वास बाहेर पडला: सुटलो एकदाचे. नवऱ्यानेही तसाच सोडला. दोघांचा एकाच क्षणी. तो निःश्वास तिने स्वतःच्या कानांनी ऐकला, आणि अंगावर गार पाणी पडावं तशी ती जागी झाली. ठोकणं ऐकून ती उठली नव्हती. ते थांबल्यावर तिला बरं वाटलं होतं. त्या बरं वाटण्याचीच तिला एवढी भीती वाटली की ती सोफ्यावरून सरळ खाली फरशीवर पडली, एका पायात सपात, आणि गुडघ्यांवर रांगत नवऱ्यापर्यंत गेली. त्याचे हात खुर्चीच्या हातांवरून सोडवायला तिला दोन्ही हातांची नखं लावावी लागली.

"ऊठ," ती म्हणत होती. "अरे, ऊठ. ताई आहे आत. तुझी ताई."

दोघांनी मिळून कपाट ओढलं. ते हलता हलत नव्हतं. शेवटी एक पाय मोडला आणि ते तिरकं होऊन बाजूला कलंडलं. मागे दार उघडंच होतं, आत लोटलेलं. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजले होते.

ताई खाटेवर ताठ बसल्या होत्या. ओठ कोरडे पडले होते, पण डोळे स्वच्छ. रडल्या नव्हत्या. नवरा दारातच मटकन खाली बसला आणि तोंड झाकून घेतलं. ती पुढे झाली, आणि तिचे पाय थबकले.

ताईंच्या दोन वेण्या घातलेल्या होत्या. घट्ट, सारख्या जाडीच्या, शाळकरी मुलीच्या घालतात तशा वर वळवून बांधलेल्या. बांधायला चादरीची कड फाडून चिंधी घेतली होती.

"ताई... वेणी कुणी घातली?"

ताईंनी तिच्याकडे बघितलं नाही. त्या तिच्या शेजारून, दाराकडे बघत होत्या.

"आधी बाजूला हो," त्या हळूच म्हणाल्या. "दोघंही व्हा. वाट द्या जरा."

ती बाजूला झाली. का, ते तिला सांगता आलं नसतं. नवराही भिंतीला चिकटला. दारातून कुणी गेलं नाही. बंद राहिलेल्या कपड्यांचा, जुन्या सुती कापडाचा एक वास मात्र तिच्या तोंडावरून सरकत गेला, हॉलमधून, बाहेरच्या दाराकडे. ते दार तिने येताना सताड उघडं टाकलं होतं.

ताईंनी मग पाणी मागितलं. नवरा धावत गेला.

दुसऱ्या दिवशी ताई आपल्या घरी गेल्या, प्लास्टरसकट. दोघांनी खूप विनवलं. "राग नाही," त्या म्हणाल्या, "पण आता मला घरी गेलं पाहिजे." त्याहून जास्त एक शब्द बोलल्या नाहीत. त्या दुपारी आत काय झालं, हे नवऱ्याने विचारलं तेव्हाही नाही.

कपाट सुताराने तिच्या डोळ्यांदेखत तोडलं. सोफा एकाने नेला, खुर्च्या दोघांनी, टीपॉय चौथ्याने. घरं एकमेकांपासून लांब आहेत ना, एवढी तिने खात्री करून घेतली. नेणारे खूश होते. एक बाई तर तिथेच खुर्चीत बसली आणि म्हणाली, "अशी वस्तू सोडवते तरी कशी तुम्हाला?" ती हसली. मामांसारखीच तीही काही बोलली नाही. ते तिला पुढे फार टोचत राहिलं.

हॉलमध्ये आता चार प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. त्यांत कुणी दहा मिनिटांवर बसत नाही.

दोन महिन्यांनी एका रविवारी सकाळी तिने ताईंना फोन केला. एरवी नवरा करायचा; तिला धीर होत नव्हता. ताईंचं प्लास्टर निघालं होतं. बोटं वळायला लागली होती. भाजीवाली महाग झाली, वरच्या मजल्यावरचे लोक रात्री टेबल ओढतात, असं बरंच बोलून झालं. मग तिने घसा साफ केला.

"ताई, त्या दिवशी मी... मी बसून राहिले. मला ऐकू येत होतं, आणि मी बसून राहिले."

"माहीत आहे मला," ताई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तुझी एकटीची चूक नाही. बसायला फार छान होतं ते. तिनेच सांगितलं मला, ती माणसं वाईट नव्हती म्हणून. नुसती उठत नव्हती."

"कुणी सांगितलं?"

फोनमधून, ताईंच्या मागून, कुठूनतरी आवाज आला. टक. टक. टक. हळू, अदबीने.

ताईंनी फोन जरा बाजूला धरला असावा. त्यांचा आवाज लांबून आला, तापातल्या लेकराची समजूत घालावी तसा. "दार उघडंच आहे गं. बघ ना, उघडंच आहे."

टक. टक.

"ताई," ती कुजबुजली, "तुमच्याकडे कोण आहे?"

पलीकडून श्वास ऐकू येत राहिला. तो एकटीचा होता की दोघींचा, ते तिला ठरवता येईना.

"अजून विश्वास नाही बसत तिचा," ताई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.